ऊतीचा तुकडा, त्याचे रंजन आणि सूक्ष्मदर्शक यंत्र

गावातील एखाद्या माणसाच्या गालाच्या आतील बाजूस जखम होते. तंबाखूची गोळी वर्षानुवर्षे जेथे ठेवली, नेमकी तेथेच ती होते. महिना उलटला तरी ती भरून येत नाही. तालुक्याचे डॉक्टर त्यास मोठ्या रुग्णालयात पाठवितात. तेथे जखमेच्या कडेचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा काढून घेतात आणि 'आठ दिवसांनी या' असे सांगून एक चिठ्ठी हाती देतात. ही चिठ्ठी घेऊन घरची माणसे पुष्कळदा शाळेतील गुरुजींकडे किंवा बाईंकडे येतात. चिठ्ठीवरील 'बायोप्सी' हा शब्द वाचून दाखविणे अवघड नसते. अवघड असतात ते त्यानंतरचे प्रश्न. तुकडा काढल्याने रोग पसरतो का? रक्ताचा तपास त्याच दिवशी मिळतो, मग एवढ्याशा तुकड्यास आठ दिवस कशाला? आणि 'पुन्हा तुकडा द्यावा लागेल' असा निरोप आला, तर पहिल्या वेळी कोणाची चूक झाली असे समजावे का? या प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यामुळे काही रुग्ण पुढच्या तपासणीस जातच नाहीत, आणि दोन-तीन महिने निघून जातात. तोंडाच्या कर्करोगात हे महिने फार मोलाचे असतात. रोग लहान आहे तोवर शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची आशा चांगली असते. तो मानेतील गाठींपर्यंत पोचला की ती पुष्कळच कमी होते.

त्या तुकड्याचे प्रयोगशाळेत काय होते, हे शिक्षकास नीट ठाऊक असेल तर वरील प्रश्नांची उत्तरे त्यास आपोआप देता येतील. शिवाय विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात पेशी आणि ऊती यांची जी चित्रे येतात, ती शिकविण्यासही या माहितीचा मोठा उपयोग आहे.

एकसारख्या कामासाठी एकत्र आलेल्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात, हे सर्वांस विदित आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र हाती आले की ऊती आपोआप दिसू लागते, अशी मात्र एक चुकीची समजूत विद्यार्थ्यांत, आणि क्वचित शिक्षकांतही, आढळते. खाटकाकडून आणलेल्या काळजाचा तुकडा यंत्राखाली ठेवून पाहावा. काळ्या ढिगाऱ्यापलीकडे काही दिसणार नाही, कारण खालून येणारा प्रकाश त्यातून पार जाऊ शकत नाही. बरे, तो तुकडा प्रकाश पार जाईल इतका पातळ केला, तर दुसरीच अडचण उभी राहते. पेशीचा बहुतेक भाग पाण्याचा व रंगहीन असतो. स्वच्छ पाण्याच्या पातेल्यात काचेचा तुकडा टाकला तर तो जसा शोधावा लागतो, तशी तेथे पेशीची गत होते. तेव्हा जाडी आणि रंगहीनता हे दोन अडथळे दूर केल्यावाचून कितीही उत्तम यंत्र असले तरी ते निरुपयोगी ठरते. केवळ आकार वाढवीत गेल्यानेही काम भागत नाही. दोन बिंदूंमधील अंतर सुमारे 0.2 मायक्रॉनहून कमी असेल, तर साध्या प्रकाशाच्या यंत्रातून ते दोन बिंदू वेगळे दिसू शकत नाहीत, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे याने 1873 साली दाखवून दिली. एक मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन, हे येथे फळ्यावर लिहून ठेवावे. पुढे ते वारंवार लागेल.

हॉलंडातील डेल्फ्ट गावचा लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या एकेका भिंगातून त्याने रक्तातील पेशी, स्नायूंचे तंतू आणि पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले. स्नायूंचे तंतू स्पष्ट दिसावेत म्हणून त्याने केशराचा रंग वापरला होता. ऊतीला रंग देण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. तथापि पुढे पुष्कळ काळ या कल्पनेकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. फ्रान्समधील बिशा हा 1802 साली वयाच्या तिसाव्या वर्षी वारला. त्याने शरीरातील 21 प्रकारच्या ऊती वर्णन केल्या, त्या सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता. त्या काळची भिंगे वस्तूभोवती रंगीत कडा दाखवीत, त्यामुळे यंत्रावरचा त्याचा अविश्वास अगदीच अनाठायी होता असे म्हणता येत नाही. भिंगे सुधारली आणि मग 1858 साली गेरलाख या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातून एक उपकारक विसराळूपणा घडला. मेंदूचा पातळ छेद किरमिज्याच्या अगदी फिक्या द्रावणात रात्रभर तसाच राहून गेला. सकाळी पाहतो तो पेशी व त्यांची केंद्रके सुरेख रंगलेली. दाट रंगाने जे काम बिघडत होते, ते फिक्या रंगाने सावकाश साधले. वर्गात काचपट्टीवर भडक रंग ओतणाऱ्या विद्यार्थ्यांस ही हकीकत अवश्य सांगावी.

तुकड्याचा प्रवास

शरीरापासून सुटलेली पेशी त्याच क्षणापासून नासू लागते. तिच्यातीलच द्रव्ये तिला विरघळवू लागतात आणि जंतू त्यात भर घालतात. म्हणून पहिले काम ऊती आहे त्या स्थितीत पक्की करण्याचे. यास स्थिरीकरण म्हणतात. अंडे उकडले म्हणजे पातळ पांढरा बलक घट्ट होऊन जागच्या जागी राहतो, हे प्रत्येक घरी पाहावयास मिळते. स्थिरीकरणात असेच काहीसे घडते, परंतु उष्णतेने नव्हे, तर औषधाने. सर्वत्र वापरले जाणारे औषध म्हणजे फॉर्मालिन. त्याचा हा गुण 1893 साली फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरच्या ध्यानी आला, तोही त्याच्या स्वतःच्या बोटांमुळे. जंतुनाशक म्हणून फॉर्मालिनचे प्रयोग करीत असता त्याच्या बोटांची कातडी टणक झाली, आणि बोटांस जे झाले ते ऊतीस का होऊ नये, असा विचार त्याने केला. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मालिनचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग असे द्रावण करतात. तुकड्याच्या दहापट तरी द्रावण असावे लागते. ते आत हळूहळू मुरते, म्हणून लहान तुकड्यासही साधारणपणे रात्रभर ठेवावे लागते.

पक्का झालेला तुकडाही मऊच असतो. त्याचे पातळ काप निघावेत म्हणून त्यात मेण भरतात. पाणी व मेण यांचे जमत नाही, हे दिवाळीत पणत्या रंगविणारी मुलेही जाणतात. म्हणून तुकड्यातील पाणी प्रथम काढून टाकावे लागते. सत्तर टक्के, नव्वद टक्के आणि शेवटी निर्जल अशा चढत्या मद्यार्कात त्यास पायरीपायरीने बुडवितात. एकदम तीव्र मद्यार्कात टाकल्यास पेशी आकसून वेड्यावाकड्या होतात. मद्यार्क आणि मेण यांचेही जमत नसल्यामुळे मध्ये झायलीन नावाच्या द्रवाची मध्यस्थी लागते. तो दोघांतही मिसळतो. त्यानंतर सुमारे 60 अंश सेल्सिअसवर वितळलेल्या मेणात तुकडा ठेवला म्हणजे पूर्वी जेथे पाणी होते, तेथे मेण शिरते. मग साच्यात मेणाची वडी पाडतात. मोठ्या प्रयोगशाळांत या सर्व पायऱ्या यंत्र रातोरात पार पाडते. पण त्यातील एकही पायरी गाळता येत नाही.

वडी पाडताना तुकडा कसा बसविला, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पुरणपोळीचा वरचा पापुद्रा सोलून घेतला तर आत पुरण किती व कसे आहे हे कळत नाही. पोळी कापून तिची कड पाहिली म्हणजे पापुद्रा, पुरण आणि पुन्हा पापुद्रा असे थर दिसतात. ऊतीचेही तसेच आहे. पृष्ठभागापासून खोलपर्यंतचे सर्व थर एकाच कापात यावेत, अशा बेताने तुकडा उभा बसवावा लागतो. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे हे कसब रुग्णाच्या दृष्टीस कधी पडत नाही. परंतु डॉक्टरचे निदान त्यावरच उभे असते.

यानंतर छेदन यंत्राची पाळी. त्याच्या मुठीचा एक फेरा झाला की मेणाची वडी 4-5 मायक्रॉन पुढे सरकते आणि तीक्ष्ण पाते तेवढाच काप काढते. वहीच्या साध्या पानाची जाडी सुमारे 80 ते 100 मायक्रॉन असते. म्हणजे त्या एका पानाच्या जाडीत असे वीसएक काप मावतील. काप एकमेकांस चिकटून त्यांची फीत निघते. ती कोमट पाण्यावर सोडतात; तापलेल्या दुधावर साय पसरावी तशी ती पसरते आणि तिच्या सुरकुत्या जातात. खालून काचपट्टी घालून ती अलगद उचलून घ्यावयाची. हे काम हातास बसावयास महिने लागतात.

आता रंग. रंग पाण्यात असतो आणि कापात तर मेण भरलेले. म्हणून झायलीन, मद्यार्क, पाणी असा उलटा प्रवास करून मेण काढावे लागते. रंजनाची सर्वांत रूढ पद्धती हेमाटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांची होय. पैकी पहिला रंग मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यातून निघतो. मूळचे द्रव्य जवळजवळ रंगहीन असते. हवेतील प्राणवायूने किंवा औषधाने ते मुरले म्हणजे त्यास रंग चढतो. पण एवढ्यानेही तो ऊतीस नीट धरत नाही. त्यास तुरटीची जोड द्यावी लागते. मंजिष्ठाचा तांबडा रंग सुती कापडावर पक्का बसावा म्हणून आपल्याकडील रंगारी जी तुरटी वापरीत, तीच ही. तुरटीतील ॲल्युमिनियम रंगाचा एक हात धरते आणि दुसऱ्या हाताने पेशीच्या केंद्रकातील आम्लास पकडते. त्यामुळे केंद्रके रंगतात, ती प्रथम तांबूस-जांभळी. मग काचपट्टी किंचित अल्कधर्मी पाण्यात, पुष्कळदा साध्या नळाच्या पाण्यातच धुतली की ती निळी होतात. हळदीस चुना लागला म्हणजे ती लाल होते. येथे रंग निराळे असले तरी कारण त्याच जातीचे. दुसरा रंग इओसिन. तो केंद्रकाबाहेरील प्रथिनांस धरून त्यांना गुलाबी करतो. शेवटी पुन्हा पाणी काढून, राळेसारख्या पारदर्शक द्रव्याचा थेंब टाकून वर झाकणकाच बसवितात. अशी काचपट्टी वर्षानुवर्षे टिकते, आणि मेणाची वडीही टिकते. म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल, तर रुग्णाच्या नातेवाइकांना ती काचपट्टी वा वडी मागून घेऊन मुंबई-पुण्यास नेता येते. हे पुष्कळांस ठाऊक नसते.

काचपट्टीवर डॉक्टर काय पाहतात? निरोगी गालाच्या अस्तरात पेशींचे थर शिस्तीने रचलेले असतात. तळाशी लहान, गर्द केंद्रकाच्या पेशी. वर जावे तशा त्या चपट्या होत जातात. सर्वांच्या खाली एक बारीक सीमा असते, आणि तिच्या पलीकडे तंतूंची व रक्तवाहिन्यांची ऊती. कर्करोगात केंद्रके मोठी, गडद व वेडीवाकडी होतात; परंतु खरा प्रश्न असतो तो सीमेचा. शेताचा बांध फोडून पाणी शेजारच्या रानात शिरावे, तसे त्या पेशींचे पुंजके सीमा ओलांडून खाली शिरले आहेत काय, हे पाहावयाचे असते. तुकडा वरवरचा असेल तर सीमाच त्यात येत नाही, आणि मग डॉक्टर प्रामाणिकपणे 'पुन्हा तुकडा पाठवा' असे लिहितात. त्यात नेहमीच कोणाची चूक असते असे नाही. अंदाजाने 'रोग आहे' किंवा 'नाही' असे लिहून देण्यापेक्षा ते शतपटीने बरे.

मुंबईत परळ येथे 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ 1000 रुग्णांचा त्यांनी केलेला अभ्यास 1944 साली प्रसिद्ध झाला. येथील तंबाखूच्या सवयी व हा रोग यांच्या संबंधाकडे जगाचे लक्ष वेधण्यात अशा कामाचा वाटा मोठा आहे. त्यामागे एकेक करून केलेल्या मेणाच्या वड्या आणि गुलाबी-निळ्या काचपट्ट्याच होत्या.

चित्रातील रंग खरे नव्हेत

पाठ्यपुस्तकातील चित्रे पाहून पेशी गुलाबी व केंद्रक जांभळे असते, असे मुले धरून चालतात. हा दोष मुलांचा नव्हे. रंग आपण दिलेला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. रंगच नव्हे, तर पुष्कळदा आकारही तयारीचा परिणाम असतो. चरबीच्या ऊतीच्या चित्रात पेशींच्या जागी रिकामी पांढरी कडी दिसतात. वस्तुतः त्या चरबीने भरलेल्या असतात. मद्यार्क व झायलीन यांनी ती चरबी विरघळवून नेली, म्हणून त्या रिकाम्या दिसतात. काप घडी पडला तर काळी रेघ उमटते, आणि नवशिक्यास तीच एखादी नस वाटते.

एकच काचपट्टी दोन थोर माणसांस कशी निरनिराळी दिसू शकते, याचे उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. इटलीतील कामिल्लो गोल्गी याने 1873 साली, रुग्णालयातील एका स्वयंपाकघरात मांडलेल्या साध्या प्रयोगशाळेत, मेंदूची ऊती प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवली. शंभरांतील थोड्याच पेशी काळ्याभोर झाल्या, पण त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. बाकीच्या न रंगल्या हेच भाग्य. सर्व रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. गोल्गीस त्यात सर्व तंतूंचे एकसंध जाळे दिसले. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल याने 1887 साली ही पद्धती पाहिली, ती सुधारली आणि कोवळ्या प्राण्यांच्या मेंदूवर वापरली. त्यास दिसले ते असे की प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. तंतू एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण एक होत नाहीत. 1906 साली दोघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले, आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गोल्गीने आपलेच मत मांडले. काहालचे म्हणणे खरे होते. पुढे 1950 नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींमधील ती फट प्रत्यक्ष दाखविली.

वर्गातील पाठ

शाळेत मेण, झायलीन किंवा फॉर्मालिन यांचे काम नाही. ही द्रव्ये मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे. परंतु पातळपणा आणि रंग ही दोन्ही तत्त्वे एका कांद्यात शिकविता येतात. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा निसर्गतःच एका पेशीच्या जाडीचा असतो. तेथे छेदन यंत्र लागत नाही. नखाएवढा पापुद्रा पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर पसरावा व प्रथम रंगाविनाच दाखवावा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि पाठाचे सारच त्यामुळे निसटते. मुलांना फिकट भिंती दिसतील, केंद्रक बहुधा दिसणार नाही. तेवढेच चित्र वहीत काढून घ्यावे. मग झाकणकाचेच्या एका कडेस आयोडीनच्या फिक्या द्रावणाचा थेंब ठेवून दुसऱ्या कडेस टिपकागद लावावा. रंग आपोआप आत ओढला जातो आणि पिवळसर केंद्रके एकेक करून उमटू लागतात. औषधपेटीतील आयोडीनमध्ये पाणी घालून ते काम चालते. दुसरे चित्र आता काढावे. पुस्तकातील चित्र पाहून काढलेले चित्र शिक्षकाने स्वीकारू नये, मग ते कितीही सुबक असो.

गालातील पेशी पाहावयाच्या असल्यास प्रत्येक मुलाने नवी, स्वच्छ, बोथट काडी वापरावी, ती हलकेच फिरवावी आणि लगेच टाकून द्यावी. एकाची काडी दुसऱ्याने घेऊ नये. मिथिलीन ब्ल्यूचा एक फिका थेंब पुरतो. आपल्याच गालाचे ते अस्तर पाहताना तंबाखूची गोष्ट काढावी, निराळे व्याख्यान लागत नाही. यंत्राचा आरसा उजळ आभाळाकडे वळवावा, सूर्याकडे कदापि नाही. डोळ्यास कायमची इजा होते. डोळ्याजवळचे भिंग 10 पट व वस्तूजवळचे 40 पट असेल तर वस्तू 400 पट दिसते, हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. आरंभ मात्र लहान भिंगाने करावा, आणि मोठे भिंग खाली आणताना डोळा बाजूने काचपट्टीवर ठेवावा, नाही तर काच फुटते आणि भिंगही दुखावते.

गावात आरोग्यसेवक तापाच्या रुग्णाच्या बोटाचे रक्त काचेवर घेतात, तेही रंजनासाठीच. मलेरियाच्या तपासणीत भारतात प्रचलित झालेला जे. एस. बी. रंग हा जसवंत सिंग व भट्टाचारजी यांनी 1944 साली सिद्ध केला. त्यातही मिथिलीन ब्ल्यू व इओसिन आहेतच. क्षयाच्या थुंकीत लाल काड्यांसारखे जंतू दिसतात, ते तापविलेल्या लाल रंगास असे घट्ट धरून ठेवतात की आम्लाने धुतले तरी तो सुटत नाही.

आता चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसांकडे वळावे. तोंडातील जखमेचा तुकडा तपासणीसाठी काढल्याने रोग पसरतो, ही भीती वैद्यकीय अनुभवाने निराधार ठरली आहे. तपासणीवाचून गेलेल्या दिवसांत तो पसरतो, हे मात्र खरे. आठ दिवसांतील एक रात्र फॉर्मालिनची, दुसरी मद्यार्काची व मेणाची, मग काप, रंग, वाचन, आणि शंका आल्यास आणखी खोलचे काप किंवा निराळे रंग. शस्त्रक्रिया चालू असताना तुकडा गोठवून अर्ध्या तासात मत देण्याची पद्धती आहे, परंतु असे काप मेणातील कापांइतके स्वच्छ नसतात, म्हणून अंतिम निर्णय मेणातील कापांवरच होतो.

कधी कधी तुकड्याची बाटली शहरातील प्रयोगशाळेत पोचविण्याचे काम नातेवाइकांवरच येते. अशा वेळी त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात. बाटलीतील फॉर्मालिन ओतून देऊन त्यात पाणी, मिठाचे पाणी किंवा स्पिरिट घालू नये. ती बर्फाच्या डब्यात घालू नये. फॉर्मालिनमधील तुकड्यास थंडीची गरज नसते. आणि रुग्णाचे नाव झाकणावर नव्हे, तर बाटलीच्या अंगावर लिहिलेले आहे की नाही हे निघण्यापूर्वी पाहावे, कारण प्रयोगशाळेत दहा बाटल्यांची झाकणे एकाच वेळी उघडलेली असतात.